पट्टी उलटी केली का?

घर्रकाकांकडे झाडं कापायची, पेट्रोलवर चालणारी करवत होती आणि कापायला झाड नव्हतं. टिटवाळ्यातल्या आमच्या गल्लीत अंगण असलेली मोजकी घरं उरली होती, बाकी सगळे टॉवर. काकांच्या अंगणात एक पेरू आणि एक तगर, एवढंच. तरी दर रविवारी सकाळी ते ओट्यावर जुनी चादर पसरत, मशीन तिच्यावर ठेवत आणि पाना हातात घेत. काम आटोपलं की गल्लीत मोठ्यानं घर्र व्हायचं, तारेवरचे कावळे उडायचे. नाव मुलांनी ठेवलं होतं. काकांनी ते लगेच मान्य केलं.

नोकरी पोस्टात, काउंटरला झाली. निवृत्तीनंतरच्या पावसाळ्यात गल्लीच्या तोंडावर एक सुबाभूळ आडवी पडली आणि ती उचलायला कोणी येईना. काका कल्याणला गेले आणि मशीन विकत घेऊन आले. ते परत येईपर्यंत झाड कोणीतरी हलवलं होतं.

"अहो, मग देऊन टाका ना परत," काकू म्हणाल्या.

"आणि पुढच्या वेळी?" काकांनी विचारलं.

पुढची वेळ क्वचितच यायची. मधल्या काळात मशीन तयार ठेवणं हे काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. वखारीतून एक ओंडका आणून ठेवला होता. देखभाल झाली की चाचणी म्हणून त्याची एक चकती कापायचे. गल्लीतल्या प्रत्येक घरात कुंडीखाली किंवा माठाखाली घर्रकाकांची एक तरी चकती असायची.

मी समोर राहायचो. ठाण्याच्या एका पेपरात मी नोकरीला होतो. रविवारी सुट्टी असे, तेव्हा चहाचा कप घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. हवेची जाळी ते दाढीच्या जुन्या ब्रशनं झाडत. साखळी उतरवून तिचा एकेक दात कानशीनं घासत, प्रत्येक दाताला सारखेच हात. "एका बाजूला जास्त घासलं की मशीन तिरकं कापतं. आणि लोक नावं ठेवतात लाकडाला." साखळी ज्या लांब पोलादी पट्टीवरून फिरते तिच्या खाचेत भुसा अडकायचा. तो काढायला काकूंच्या केसांचा आकडा लागे.

"अहो, डोक्यात घालायचाय मला तो!" आतून आवाज यायचा.

"धुऊन देतो."

"तुमचं धुणं माहितीये मला. मागे देवळात शेजारची बाई विचारत होती, पेट्रोलचा वास कुठून येतोय म्हणून."

साखळी परत चढवली की ती बोटानं उचलून बघत. "मंगळसूत्रासारखी हवी. उचलली तर उचलली जावी, पण गळा सोडू नये." शेवटी मशीन चालू करून तिचं टोक वर्तमानपत्रावर धरत. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली, म्हणजे साखळीला तेल पोचतंय. पेपर माझाच असायचा. "बघा, छापून येण्यासारखं काहीतरी," ते म्हणायचे आणि तेलकट पान माझ्या हातात द्यायचे.

पण खरी काळजी पट्टीची. कापताना सगळा जोर तिच्या खालच्या कडेवर येतो आणि ती कडा आधी झिजते. म्हणून दर खेपेला पट्टी काढून उलटी बसवायची, वरची कडा खाली, खालची वर. विसरू नये म्हणून ते स्वतःलाच मोठ्यानं विचारत, "पट्टी उलटी केली का?" आणि स्वतःच उत्तर देत, "केली."

ही सवय मशीनपुरती राहिली नव्हती. "वस्तू जुनी होत नाही हो, एका अंगावर झिजते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाद्या, पायपुसणी, सोफ्याच्या उश्या, सगळं उलटलं जायचं. शर्टाची कॉलर उसवून उलटी शिवून घेत. जेवायच्या टेबलावरसुद्धा अधूनमधून ते आणि काकू जागा बदलत. "मला नका उलटवू म्हणजे झालं," काकू म्हणायच्या.

एकदा मी विचारलं, "दोन्ही कडा झिजल्या की?"

"मग भंगार," काका म्हणाले. मग पाना उचलत म्हणाले, "पण तोवर उलटत राहायचं."

मग एका सकाळी ओट्यावरून उठताना ते कोसळले. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. कल्याणच्या हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा त्यांच्याकडे दोनच शब्द उरले होते. कधी 'पट्टी' म्हणत, कधी 'उलटी'.

पट्टी म्हटलं की काकू हातावरची, सलाइनच्या जागेची चिकटपट्टी तपासत. उलटी म्हटलं की दिवसपाळीच्या मावशी तसराळं घेऊन धावत. "करा आजोबा, करा उलटी. मी धरलंय." काका मान हलवत आणि डोळे मिटून घेत. डॉक्टरांनी फोनवर मळमळीची गोळी सांगितली. तिनं त्यांना गुंगी येऊ लागली आणि ते दोन शब्दही कमी झाले. कूस बदलत राहा, असं हॉस्पिटलात बजावलं होतं. पण हलवलं की ते कण्हायचे, त्यामुळे काकूंना हात लावायचा धीर होईना.

रविवारी मी गेलो तेव्हा त्यांनी दोन्ही शब्द पहिल्यांदाच एकामागोमाग उच्चारले. "पट्टी... उलटी."

"काकू, मशीनबद्दल म्हणतायत," मी म्हणालो.

काकूंनी आजवर त्या मशीनला हात लावला नव्हता. त्या ते उचलून आत घेऊन आल्या. मी पान्यानं नट सोडवले, पट्टी काढली, उलटी करून बसवली. काकूंनी मशीन त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. "केली हो. बघा, केली."

काकांनी मशीनकडे पाहिलं. मग चालता डावा हात सावकाश उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला. "पट्टी," ते म्हणाले.

काकूंनी मशीन जमिनीवर ठेवलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे स्वतःला म्हणतायत."

आम्ही दोघांनी त्यांना कुशीवर वळवलं. चादर पाठीला चिकटून वर आली. कमरेखाली तळहाताएवढी जखम होती, मध्यभागी काळी पडलेली.

जखम भरली नाही. पाठीवरचा भार वाचवायला काकू त्यांना डाव्या कुशीवर ठेवू लागल्या, मग उजव्या, न चुकता, रात्रीचा गजर लावून. काही आठवड्यांत दोन्ही खुब्यांवर तशाच जखमा झाल्या. नर्स येऊन ड्रेसिंग करून जायची. गोळ्या बदलल्या, गादी बदलली, हवेची आणली.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी मी गेलो, तेव्हा काकू उशी हातात घेऊन पलंगाशी उभ्या होत्या. कुठल्या अंगावर वळवावं ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"तुम्ही बसायचात ना त्यांच्याजवळ," त्या म्हणाल्या. "दोन्ही कडा गेल्या की काय करायचं म्हणायचे हो ते?"

"उलटत राहायचं म्हणायचे," मी सांगितलं.

काकूंनी मान डोलावली. उशी लावली. मी खांद्याकडून धरलं, त्यांनी कमरेकडून, आणि आम्ही काकांना वळवलं. चादर सारखी करून काकू त्यांच्या कानाशी वाकल्या.

"केली," त्या म्हणाल्या.