पश्चिमेच्या काचा

नागपूरच्या उन्हाळ्याला नावं ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत. तो काही चोरून येत नाही. होळी पेटली की तो आलाच, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरीही मी, याच गावात जन्मलेला आणि वाढलेला, एका इमारतीची पश्चिमेची अख्खी बाजू काचेची आखून बसलो. आखली तेव्हा पौष चालू होता. कचेरीच्या गच्चीवर टेबल टाकून, पाठीवर ऊन घेत मी ते नकाशे काढले. त्या उन्हाइतकं सुख जगात दुसरं नाही असंच तेव्हा वाटत होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या जरा आधीची ही गोष्ट. मुंबईहून इमारती आखायचं शिक्षण घेऊन मी परतलो होतो आणि सीताबर्डीवर एका साहेबांच्या हाताखाली नोकरीला लागलो होतो. कापडाचा मोठा व्यापार असलेल्या एका शेटजींना भर रस्त्यावर तीन मजली इमारत उठवायची होती. तिची दर्शनी बाजू साहेबांनी माझ्यावर सोपवली. सिमेंटचे खांब आणि स्लॅब सगळा भार घेणार होते, म्हणजे पुढच्या भिंतीनं काही उचलायचंच नव्हतं. ऊन, वारा, पाऊस बाहेर ठेवला की तिचं काम संपलं. मग ती जाडजूड विटांची कशाला? लोखंडी पट्ट्यांची एक उंच चौकट करायची, प्रत्येक मजल्याच्या कडेला बाहेरून टांगायची आणि तिच्यात काचा बसवायच्या. परदेशी मासिकांत मी अशा टांगलेल्या भिंती पाहिल्या होत्या. गावात त्या कोणी ऐकल्याही नव्हत्या, आणि याचा मला जो काही गर्व झाला होता तो घरात सगळ्यांना पुरून उरत होता.

पण खरं सांगायचं तर ती भिंत मी गर्वासाठी आखली नाही. ती आखली आक्कासाठी.

आक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचे यजमान गेले. सासर खापरखेड्याकडचं, शेतीवाडीचं. तिथं ती राबली, आणि एका दिवाळीला माहेरी आली ती परत गेलीच नाही. गावातल्या महाल भागातल्या एका महिला मंडळाच्या शिवणवर्गात ती आधी शिकली आणि मग तिथंच शिकवायला लागली. वकिलांचे काळे डगले ही त्या वर्गाची खासियत होती. डगला बाहेर मशीनवर शिवून यायचा, पण त्याची काजं हातानं करायची, आणि ती आक्काच्या बायकांसारखी गावात कोणी करत नसे. काळ्या कापडावर काळा दोरा. तेही एका मागच्या खोलीत, जिथं भर दुपारी कंदील लावावा लागायचा. आक्का कापड नाकाला लागेल इतकं जवळ घ्यायची. तिच्या डोळ्यांतून पाणी गळायचं आणि ती ते कोपरानं पुसायची, कारण हात मोकळे नसत.

दर दोन-तीन महिन्यांनी तिचा दीर यायचा. ओसरीवर बसून चहा प्यायचा आणि म्हणायचा, "वहिनी, तुमचा हा शाळेचा खेळ कधी संपून राहिला? घरी माणूस पाह्यजे आम्हाले." आक्का त्याला कधी उलटून बोलली नाही. फक्त एवढंच म्हणायची, "वर्ग चालू आहे तोवर नाही येत." त्यालाही ते पटल्यासारखं व्हायचं. वर्ग आज ना उद्या बंद पडेल अशी त्याची खात्री होती, आणि वाट पाहायला त्याची तयारी होती.

अशात शेटजींनी आईच्या स्मरणार्थ नव्या इमारतीचा सगळ्यात वरचा मजला मंडळाला वापरायला द्यायचं कबूल केलं. ही बातमी कानावर आली तेव्हा मी कागदावरची विटांची भिंत खोडून टाकली. आक्काच्या बायकांना एवढा उजेड देईन की काळ्यावरचं काळं लांबून दिसेल, असं मनाशी ठरवलं.

काम मी निष्काळजीपणानं केलं नाही, हे मी आजही भांडून सांगेन. लोखंड उन्हात फुगतं म्हणून बोल्टांची भोकं लांबट ठेवली, चौकटीला हलायला जागा राहावी म्हणून. पावसाआधीच्या वावटळींचा हिशेब धरला. काचेच्या कडेला लांबी, म्हणजे काच पक्की करायचा लगदा, मऊ भरली. प्रत्येक मजल्यावर वरच्या रांगेत लहान उघडत्या झडपा दिल्या. एक गोष्ट मात्र माझ्या नकाशात कुठंच नव्हती. वाळ्याच्या ताट्या.

नागपुरात होळी झाली की कचेऱ्या, कोर्ट, बंगले, दवाखाने, सगळीकडे दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या चढतात. मग दिवसभर कोणीतरी त्यांच्यावर पाणी मारत असतो, बाहेरची लू, म्हणजे तापलेला वारा, त्या ओल्या मुळ्यांतून आत येते आणि येताना गार होते. ही गोष्ट इतकी रोजची की घर आखताना कोणी तिचा विचार करत नाही. विटांच्या भिंतीत खिडक्या असतातच, तिथं ती लागते. माझ्या भिंतीत खिडकीच नव्हती. होती ती सगळी काच.

पुढच्या हिवाळ्यात वर्ग तिथं गेला. पहिल्या दिवशी बायका आत येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. एकीनं हात पुढं धरून आपल्या बोटांकडे पाहिलं. आक्का काचेजवळ बसली, डगला मांडीवर ठेवला, नाकाजवळ नाही, आणि काज घालू लागली. मी दारात उभा होतो. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "दिसून राहिलं गा." इतकंच. मी त्या दिवशी जेवलो नसतो तरी चाललं असतं.

रस्त्यावरून जाणारे लोक थांबून वर पाहायचे. साहेबांनी इमारतीची छायाचित्रं काढवून घेतली. मग फाल्गुन संपला.

चैत्राच्या दुपारी त्या मजल्यावर मी एकदा गेलो आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. खोली भट्टीसारखी तापली होती. वरच्या झडपांतून लू आत येत होती ती वेगळीच. बायकांनी पदर ओले करून डोक्यावर घेतले होते. घामाचे थेंब डगल्यांवर पडत होते आणि एक तरुण मुलगी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. तिला आदल्या दिवशी चक्कर आली होती, असं आक्कानं सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती.

शेटजींच्या मुनीमजींना यावर एकच इलाज सुचला, आणि तो गावातल्या कोणालाही सुचला असता. ताट्या लावा. पण लावायच्या कुठं? त्यांनी गच्चीच्या कठड्याला दोर बांधले आणि ताट्या बाहेरून काचेसमोर सोडल्या. भर दुपारी गड्यानं गच्चीवरून पहिली घागर ओतली. उन्हानं तापलेली काच आणि विहिरीचं पाणी! बंदुकीसारखा आवाज झाला. मोठी काच तडकली आणि तिचा एक तुकडा थेट खाली रस्त्यावर गेला. पानठेल्याच्या ताडपत्रीवर तो पडला म्हणून कोणाचं रक्त निघालं नाही. एक टांगा मात्र घोड्यासकट पार मोर भवनाच्या दिशेनं पळाला. मी मोर भवन म्हणतो ते आजच्या सवयीनं. तेव्हा तिथं नुसतं मैदान होतं.

दुसऱ्याच दिवशी शेटजींचा निरोप आला. वर पाणी न्यायचं नाही. मंडळाच्या बायकांनीही घाईघाईनं बैठक घेतली. उन्हाळ्यात वर्ग चालत नसेल तर तो बंद करावा आणि मजला शेटजींना गठ्ठे ठेवायला परत द्यावा, असं बोलणं निघालं. महालातली जुनी खोली केव्हाच दुसऱ्यांना गेली होती. आठवड्याच्या आत मंडळाच्या अध्यक्षीणबाई येऊन पाहणार आणि काय ते ठरवणार होत्या. ही खबर खापरखेड्याला कोणी पोचवली देव जाणे, पण दीर बैलगाडी घेऊनच आला. एका नातेवाइकाकडे मुक्काम ठोकून त्यानं निरोप धाडला, "सामान बांधून ठेवा म्हणा वहिनीले."

आक्का संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली.

"वरच्या काचा काढ," ती म्हणाली.

"काढ म्हणजे?"

"आमच्या मजल्यावरच्या. चौकट राहू दे. चौकटीत ताट्या बसव. वारा आत आला तरच ताटीचा उपयोग. बाहेरून भिजवून काय होते?"

मी उखडलो. माझा राग नाकावरच असतो. ती खिडकी नाही, भिंत आहे, म्हणालो. एक मजला काढला की सगळी दर्शनी बाजू बोडकी दिसेल, म्हणालो. साहेब मला कामावर ठेवणार नाहीत, हेही म्हणालो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आणि उजेड?" मी शेवटी ओरडलो. "ताट्या लागल्या की उजेड जाईल ना! मग हे सगळं केलं कोणासाठी मी?"

"मले माहीत आहे कोणासाठी केलं," आक्का म्हणाली. "पण गाडी येऊन उभी आहे गा."

साहेब त्या दिवसांत पचमढीला होते. सरकार उन्हाळ्यात तिकडं जायचं आणि बडी गिऱ्हाइकं गाठायला साहेबही जायचे. विचारायला कोणी नव्हतं, हे मला बरं वाटलं की वाईट ते आज सांगता येत नाही. शेटजींकडे मीच गेलो. रस्त्यावर पाणी पडणार नाही, काच पडणार नाही, असा शब्द दिला आणि पाणी वर न्यायची परवानगी मिळवली. मग मिस्त्रीला घेऊन वर चढलो. त्यानंच काही महिन्यांपूर्वी त्या काचा बसवल्या होत्या. तो लांबी खरवडत होता आणि मधूनच माझ्याकडे पाहत होता. "लावाले जितका वेळ लागला, तितका काढाले नाही लागत, साहेब," असं तो माझी समजूत घालण्यासाठी म्हणाला. मला त्याला खाली ढकलून द्यावंसं वाटलं.

काचा एकेक करून गोणपाटात गुंडाळून भिंतीला टेकवल्या. रिकाम्या चौकटीत ताट्या घट्ट बसल्या, खाली पन्हळ ठेवली, आणि आक्का स्वतः तांब्यानं आतून पाणी मारू लागली. थोड्या वेळात वाळ्याचा वास खोलीभर पसरला आणि गार झुळूक आली. बायका हसायला लागल्या. खाली रस्त्यावर मात्र लोक आता वेगळ्या कारणानं वर पाहत होते.

अध्यक्षीणबाई ऐन दुपारी आल्या. आत पाऊल टाकताच "अगंबाई!" म्हणाल्या, छत्री मिटून खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. वर्ग चालू राहील, असं त्यांनी जाताना सांगितलं. दीर बैलगाडी घेऊन रिकामा परत गेला.

अध्यक्षीणबाई गेल्यावर मी खोलीकडे नीट पाहिलं. मातकट अंधार होता, महालातल्या मागच्या खोलीसारखाच. कोपऱ्यात एकीनं कंदील लावला होता. आक्कानं डगला उचलला आणि पुन्हा नाकाजवळ नेला.

माझा चेहरा तिला दिसला असावा. "तोंड काहून पाडून राहिला?" ती म्हणाली. "अंधाराची सवय आहे आम्हाले. उन्हाची सोय झाली, तेवढं गंज झालं, पुरे झालं."

मृग लागल्यावर आम्ही काचा परत चढवल्या, आणि होळीनंतर पुन्हा उतरवल्या. दरवर्षी तेच. दरवर्षी चढवता-उतरवताना काही फुटायच्या. लढाईमुळे परदेशी काच यायची बंद झाली होती, म्हणून फुटलेल्या जागी आम्ही पत्रा ठोकला. आधी कोपऱ्यात एक, मग त्याच्या शेजारी, मग अर्धी रांग. साहेबांनी मला काढून टाकलं नाही, पण त्या इमारतीचं नाव पुन्हा कधी काढलं नाही, आणि छायाचित्रं कचेरीच्या भिंतीवरून उतरवली. पुढं मी धरमपेठेत पुष्कळ बंगले आखले. सगळे विटांचे, खोल व्हरांड्याचे. लोक समाधानी होते. मी कशाचं तरी सुतक पाळतोय असं मला वाटायचं.

लढाई संपेपर्यंत वरच्या मजल्यावर काच जवळपास उरली नव्हती. वर्ग मात्र भरत होता. त्या वर्गातून शिकून गेलेल्या कितीतरी बायकांनी आपापल्या घरी मशीन घेतली, पोरं शिकवली. आक्का खापरखेड्याला परत गेली नाही, ती तिथल्या एका लग्नाला गेली तेवढीच. मी जिंकलो की हरलो, हे मला अजून नीट उलगडत नाही.

आता ती माझ्याकडेच असते. डोळे जवळजवळ गेले आहेत. डॉक्टर वयाचं कारण सांगतात. मला काळ्यावरचं काळं आठवतं. हात मात्र तिचे अजून चालतात, बोटांनी चाचपून ती काज घालते, आणि कोणी तिच्या हातून ते काम काढून घेतलं तर रागावते. फक्त सुईत दोरा ओवणं तिला जमत नाही. म्हणून रोज सकाळी ती सुयांची डबी माझ्यापुढं ठेवते आणि मी खिडकीशी बसून एकेक सुई ओवून देतो. आता माझीही नजर अधू झाली आहे. काळा दोरा भोकाच्या बाजूनं निसटतो, मी पुन्हा ओला करतो, पुन्हा नेम धरतो. वेळ लागला की ती विचारते, "दिसून राहिलं ना गा तुले? नाहीतर जरा उजेडात बस."

"उजेडातच आहे, आक्का," मी म्हणतो, आणि पुढची सुई घेतो.