ग्यानबामामांचं मडकं

ग्यानबामामा गेल्याचं मला रहीमभाई गाडीवानांकडून कळलं. जवळा बाजाराहून माल घेऊन ते हिंगोलीत आले होते. बैल सोडायच्या आधी आमच्या दारात आले आणि म्हणाले, "बाई, तुमचे मामा परवाच गेले. गावानं कळवलं न्हाई का?" गावानं कळवलं नव्हतं. आज महिना होत आला, तरी त्या गावावरचा माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

आई लवकर गेली म्हणून मी मामांकडं वाढले. शिरड शहापूरच्या अलीकडं त्यांचं गाव. थोडी हळद, थोडी ज्वारी. माणूस साधा, पण एका बाबतीत हट्टी. त्या गावात पंचांचं जमलं नाही की मारुतीच्या पारावर मडकं ठेवायची रीत होती. प्रत्येक घरच्या कर्त्यानं झाकल्या मुठीनं एक दाणा टाकायचा. मान्य असेल तर ज्वारीचा, नसेल तर तुरीचा. ते मडकं मामांच्या घरी असायचं. आम्हा बायकांना त्यात दाणा नव्हता. मी एकदा विचारलं तर मामा हसले... "तुझा बी दाणा येईल, पोरी. दम धर." देवापेक्षा त्यांचा त्या मडक्यावर जास्त विश्वास होता.

मग कुठली ती जर्मनीची आणि जपानची लढाई आमच्या गावात येऊन पोचली. सरकारला सक्तीनं घालायच्या धान्याची लेव्ही आधीच मानेवर बसली होती, त्यात तालुक्याहून निरोप आला की गावानं फौजेत एक पोरगं द्यावं. पाटलांनी मामांच्या एकुलत्या दगडूचं नाव घेतलं. पाटलांचा पुतण्या त्याच्याच वयाचा, चांगला धडधाकट, पण त्याचं नाव कोणी काढेना. मामा चावडीत उभे राहिले. "एकट्या पाटलानं काहून ठरवायचं? मडकं ठेवा. गाव ठरवील." पाटील लगेच कबूल झाले, तिथंच मामांनी सावध व्हायला हवं होतं. पुतण्याला पाठवायचं तर ज्वारी, दगडूला पाठवायचं तर तूर, असं ठरलं. मधल्या वेळात पाटलांचा माणूस घरोघर सांगून आला की तूर टाका, तुमच्या लेव्हीचं माप सैल धरू. घोंगडीवर मडकं उपडं केलं तेव्हा सगळी तूरच तूर, आणि ज्वारीचा एकच दाणा. तो मामांचा. म्हणजे भावकीनंसुद्धा तूर टाकली होती. पाटील गोड आवाजात म्हणाले, "ग्यानबा, मडकं तुमीच मागितलं होतं."

दगडू आईच्या गळ्यात पडून रडला. मामांनी त्याला ठेवून घेतलं नाही. "गावानं ठरवलंय," एवढंच म्हणाले. मला त्या वेळी मामांचाही संताप आला होता, अजून येतो. पुढं दगडू ब्रह्मदेशात मेला असं चावडीत वाचून दाखवलं. त्याला मेलेलं कोणी बघितलं नाही.

लेव्हीचं माप काही सैल झालं नाही. मग लोक पारावर बसून पाटलांना, तालुक्याला, हैदराबादला, इंग्रजाला मनसोक्त शिव्या घालायचे, आणि मामा दिसले की गप्प व्हायचे.

यंदा हैदराबादचं राज्य गेलं, नवं आलं. पाटलांनी पांढरी टोपी घातली, गळ्यात हार घालून घेतला आणि आता लोकांचं राज्य आलं असं भाषण केलं. नव्या कमिटीचे प्रमुखही तेच. मामा थकल्या पायांनी घरी गेले आणि मडकं घेऊन आले. "लोकांचं राज्य हाय नव्हं? मग हे पाटील पायजेत का न्हाई, लोकांला इचारा." लोक हसले. पाटील म्हणाले, "ते वरूनच ठरून आलंय, ग्यानबा." मामांनी आपला दाणा टाकला आणि दिवस मावळेपर्यंत पारावर बसून राहिले. दुसरा दाणा पडला नाही. त्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच.

मी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. मामी भिंतीला टेकून बसली होती. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरायला पोरगा नाही, म्हणून पाटलांनी आपल्या पुतण्याला पुढं केलं, असं तिनं सांगितलं. आणि नवं मडकं कुठं शोधत बसायचं, म्हणून घरातलं तेच दाण्यांचं उचलून नेलं. पुतण्यानं फेरे घातले, लोकांनी मडक्याला दगडानं भोकं पाडली, आणि शेवटी ते फोडलं.

"मामी, तू अडवलं काहून न्हाई?"

मामीनं पदर सारखा केला. "पाटलानं समद्यांला इचारलं, बाई. कुणीच न्हाई म्हणलं न्हाई."