पाहुण्यांचं झालं की मग

टेबलावर दोन स्टेक तडतडत होते आणि कोणीच खात नव्हतं.

समोर डोना बसल्या होत्या, आमच्या क्लायंट कंपनीच्या ऑपरेशन्स हेड. त्यांच्या शेजारी फिल, त्यांचा आयटी मॅनेजर. दोघांचे हात मांडीवर, नॅपकिनवर ठेवलेले. माझ्यासमोर रिकामी पांढरी प्लेट. मी म्हटलं, "प्लीज, सुरू करा." डोना म्हणाल्या, "तुझं येऊ दे ना." मी म्हटलं, माझं नंतर. मग तिघंही हसलो आणि परत तसंच बसून राहिलो. प्लेटवरचं लोणी उडत होतं.

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पण डोना माझ्यापेक्षा वयानं खूप मोठ्या होत्या, त्यामुळे माझ्या मनात त्या पहिल्या दिवसापासून 'त्या'च होत्या. इथंही तसंच लिहिते.

ही गोष्ट अमेरिकेतली, ओहायोतल्या डब्लिनची. तेव्हा मी प्रोजेक्ट लीड म्हणून नवीन होते. आमची कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर करते. कोणता माल कुठल्या रॅकवर आहे, कुठला आधी बाहेर काढायचा, कुठला ट्रक कधी भरायचा, हे सगळं त्यात असतं. डोनांची कंपनी फ्रोझन फूडचा पुरवठा करायची. मोठमोठ्या फ्रीझरची गोदामं, आणि त्यातून किराणा दुकानांना जाणारे ट्रक.

आमच्या धंद्यात गो-लाइव्ह नावाचा एक दिवस असतो. त्या दिवशी जुनं सॉफ्टवेअर बंद करायचं आणि नव्यावर काम सुरू करायचं. त्याआधी क्लायंटनं सही करून सांगायचं असतं की आम्ही तपासलं, आम्हाला चालेल. याला साइन-ऑफ म्हणतात. साइन-ऑफशिवाय गो-लाइव्ह नाही.

आमचं साइन-ऑफ अडकलं होतं. तक्रार काहीच नव्हती. प्रत्येक मीटिंगच्या शेवटी मी विचारायची, "काही प्रश्न?" डोना म्हणायच्या, "नो, वी आर गुड." आणि सही करायच्या नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी आमच्या वरच्या लोकांनी ठरवलं की त्या शुक्रवारपर्यंत सही आली नाही तर प्रोजेक्ट थांबवायचं आणि टीम काढून घ्यायची. मी वर्क व्हिसावर होते. हातातलं प्रोजेक्ट गेलं आणि लगेच दुसरं मिळालं नाही, की बॅगा भरायची वेळ येते. अपार्टमेंटमध्ये नुकताच नवा सोफा आणला होता. त्याच्यावरचं प्लास्टिक मी काढलं नव्हतं.

म्हणून गुरुवारी हे डिनर. ते खरं तर आमचे डायरेक्टर गिरीश सर देणार होते. क्लायंटला महागड्या स्टेकहाउसमध्ये न्यायचं आणि गोडाच्या वेळी हळूच विषय काढायचा, ही त्यांची पद्धत. पण दुपारी न्यू जर्सीहून निघणारी त्यांची फ्लाइट लांबली. विमानाचं दार बंद व्हायच्या आधी त्यांचा फोन आला.

"सुरेखा, मला उशीर होणार. तू होस्ट कर. कामाचं डिझर्टपर्यंत बोलू नकोस. त्यांना हवं ते मागवू दे, तू फक्त होस्ट हो."

होस्ट हो. एवढं मला येतं, असं मला वाटलं.

देगलूरला एसटी स्टँडच्या मागं आईची खानावळ होती. बदली होऊन आलेले मास्तर, बँकेतले कारकून, मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर जेवायला यायचे. ज्वारीची भाकरी, वरण, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. त्या खानावळीवर मी शिकले, आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. घरात एक नियम होता आणि तो कोणी कधी मोडला नाही. आधी जेवणाऱ्यांचं, मग वाढणाऱ्यांचं. सगळी ताटं उचलली, फरशी पुसली, की आई आणि मी चुलीजवळ बसून जेवायचो. पाहुण्यांसमोर आपलं ताट घेऊन बसायचं म्हणजे त्यांना लवकर उठा असं सांगणं, असं आई म्हणायची.

तर स्टेकहाउसमध्ये मी होस्ट झाले. वेटर आला तेव्हा डोनांनी स्टेक, म्हणजे बीफचा जाड काप, मीडियम-रेअर मागवला. मीडियम-रेअर म्हणजे बाहेरून भाजलेला आणि आतून लालसर, रसाळ. स्टेकची आवड असलेली माणसं बहुतेक असाच मागवतात. फिलनं वेल डन मागवला, म्हणजे आतपर्यंत पूर्ण शिजलेला. माझ्याकडे वळल्यावर मी वेटरला म्हटलं, आधी यांचं आणा, माझं मी नंतर सांगते. तो थोडा थांबला, पण गेला.

मला ठाऊक नव्हतं की इथं होस्टनं काटा उचलल्याशिवाय पाहुणे उचलत नाहीत. माझ्याकडे तर उचलायला काहीच नव्हतं. मी त्यांचं होण्याची वाट बघत होते आणि ते माझं येण्याची. दोन्हीकडून चांगुलपणा चालला होता.

शेवटी फिलनं अवघडून विचारलं, "हे बीफ आहे म्हणून का? आम्ही विचारायला हवं होतं. हे परत पाठवू का?"

डोनांनी तर वेटरला हात करायला सुरुवात केली होती. सही राहिली बाजूला, मी क्लायंटच्या समोरचं ताट उचलायला लावत होते. मी घाईघाईनं सांगितलं की तसं काही नाही. मी बीफ खात नाही, पण दुसऱ्यानं खाल्लं तर मला काही वाटत नाही. आणि मग दुसरं काही सुचेना म्हणून खानावळीची गोष्ट सांगितली.

डोनांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आम्ही जेवेपर्यंत तू नुसती बघत बसणार होतीस?"

"हो."

"सू, मी एकटीनं खात असताना कोणी बघत बसलं तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मासा माग. आत्ता."

मी सॅमन मागवला. तो येईपर्यंत वेटरनं माझ्यासमोर ब्रेड आणून ठेवला. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि मगच दोघांनी सुरी-काटा उचलला.

आता स्टेकहाउसची एक गोष्ट, जी मला त्या दिवशी कळली. तिथं प्लेट भट्टीतून काढल्यासारखी तापलेली आणतात. मांस लगेच खायचं असतं, कारण प्लेटवर ते शिजतच राहतं. आमचा चांगुलपणा चालला होता तेवढ्या वेळात डोनांचा मीडियम-रेअर बराच पुढं गेला होता. फिलनं आधीच वेल डन मागवलेला, त्यामुळे त्याला फरक पडला नाही. तो शेजारच्या कोलंबस शहरातल्या फुटबॉल टीमवर बोलत खात होता.

वेटर आला. "हाउ इज एव्हरीथिंग?"

"ग्रेट," डोना म्हणाल्या.

पण खानावळीत वाढलेल्या मुलीची नजर ताटावर जाते, तोंडावर नाही. डोनांनी स्टेकची फक्त एक कड खाल्ली होती. बाकीचे तुकडे कापून बटाट्याच्या आड सरकवले होते. कॉलेजला असताना आमच्याकडे एक मास्तर अळूची भाजी अशीच भाकरीखाली दडवायचे.

आईचं एक तंत्र होतं. आग्रह म्हणजे गळ्यात घालणं नव्हे, असं ती सांगायची. पहिल्यांदा 'नको' म्हणाला तर ऐकायचं नाही, तो लाजतोय. दुसऱ्यांदाही मनावर घ्यायचं नाही. तिसऱ्यांदा शांतपणे, त्याच्याजवळ जाऊन विचारायचं, आणि मग तो जे सांगेल ते खरं मानायचं.

मी विचारलं, "स्टेक बरोबर आहे ना?"

"अगदी."

फिल फोन घ्यायला बाहेर गेला. मी पुन्हा विचारलं. "ओह, इट्स फाइन." मग मी जरा पुढं झुकून म्हटलं, "डोना, आमच्या खानावळीत तिसऱ्यांदा विचारल्यावर खरं सांगावं लागतं."

त्या हसल्या. प्लेटकडे बघितलं. "जरा जास्त झालाय. आता बुटासारखा लागतोय."

मी वेटरला बोलावलं, चूक माझी आहे असं सांगितलं आणि दुसरा मागवला. त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांचे खांदे खाली आलेले मला दिसले. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख झालं. वेटरला 'ग्रेट' म्हणणारी बाई आणि मला दर आठवड्याला 'वी आर गुड' म्हणणारी बाई एकच होती. मी इतके दिवस एकदाच विचारून पुढं जात होते. आईच्या खानावळीत एकदा विचारून पुढं जाणाऱ्याला कोणी पळीसुद्धा हातात दिली नसती.

गिरीश सरांनी डिझर्टपर्यंत थांबायला सांगितलं होतं. मी थांबले नाही.

"साइन-ऑफचं काय अडलंय?"

"काही नाही. सिस्टिम चांगली आहे."

"ट्रेनिंग कमी पडलं का?"

"नाही, वी आर गुड."

नवा स्टेक आला, बरोबर माझा सॅमनही. मी त्यांना दोन घास खाऊ दिले. मग हळू आवाजात म्हटलं, "आता तिसऱ्यांदा विचारतेय."

डोनांनी सुरी खाली ठेवली.

"गो-लाइव्ह नोव्हेंबरमध्ये आहे," त्या म्हणाल्या. "थँक्सगिव्हिंग ते ख्रिसमस माझ्या फ्रीझरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. टर्की, ॲपल-पाय, सगळं सणाचं तेव्हाच. त्यात नवी सिस्टिम म्हणजे ट्रक उभे राहणार. पण तारीख आमच्या मालकांनी दिलीय, तुझ्या बॉसशी हात मिळवून. मी नको म्हटलं तर सगळे काय म्हणतील? डोनाचं वय झालं, कॉम्प्युटरला घाबरली."

एवढंच होतं. सॉफ्टवेअरमध्ये काही खोट नव्हती. तारखेत होती.

मी विचारलं, जानेवारीत केलं तर?

"जानेवारीत मी उद्याच सही करते. पण ते मी म्हणणार नाही."

म्हणजे ते मी म्हणायला हवं होतं. आमच्या कंपनीनं सांगायचं, की आम्हाला वाटतं गो-लाइव्ह जानेवारीत करावं. त्याचा सरळ अर्थ असा की तारीख आमच्यामुळं पुढं गेली. आमच्या धंद्यात तारीख पुढं जाणं लीडच्या नावावर लागतं, आणि मी नवीन लीड होते. गिरीश सरांना विचारायचं तर त्यांचा फोन बंद.

मी सॅमनकडे वळले. मी दोन घास खाल्ले. मग म्हटलं, "उद्या सकाळी मीच तुमच्या मालकांना सांगते. आमची शिफारस जानेवारीची आहे."

डोनांनी मान हलवली. फिल परत आला, बसला आणि टीम कशी हरली ते पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागला. बाहेर पार्किंगमध्ये अजून ऊन होतं. इथं लोक दिवे लागायच्या आत जेवून घेतात, आमच्या गावच्या मास्तरांसारखे.

गिरीश सरांचा फोन मी गाडीत बसल्यावर आला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"डिले आपल्या नावावर घेतलास?"

"सही मिळतेय, सर."

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही विमानात होतात."

"डिझर्टला काय होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, डिझर्ट राहिलंच. त्यावर ते म्हणाले, "बरं, सकाळी मीही कॉलवर येतो." रागावलेले होते, पण आले, आणि मालकांसमोर माझी बाजू घेतली. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

शुक्रवारी दुपारी सही आली. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये 'तारीख पाळली नाही' असा शेरा पडला, तो अजून आहे. जानेवारीत गो-लाइव्ह इतकं शांतपणे झालं की डोनांच्या लोकांनी मधेच कॉफी ब्रेक घेतला. पुढच्या गोदामाचं काम आलं तेव्हा डोनांनी मला नावानं मागितलं. मी डब्लिनमध्येच राहिले. सोफ्याचं प्लास्टिक काढलं.

आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिनं सहीचं काही विचारलं नाही. "त्या बाईंना दुसरं ताट दिलंस ना?" एवढंच विचारलं. खानावळ तेव्हा बंद होऊन बराच काळ झाला होता. तिथं आता मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. मोठी पातेली भावानं माळ्यावर ठेवली आहेत आणि आई ती कोणाला देऊ देत नाही.

आता माझी टीम मोठी आहे. मी मीटिंगमध्ये 'काही प्रश्न?' तीनदा विचारते. टीममधली पोरं कंटाळतात, घड्याळाकडे बघतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर बहुतेक वेळा काही निघत नाही. कधीतरी निघतं, आणि ते गो-लाइव्हच्या आधी निघालेलं बरं.

आणि स्टेकहाउसमध्ये गेले की स्वतःचं आधी मागवते. पाहुण्यांच्या प्लेटा तापलेल्या असतात म्हणून पहिला घासही मीच घेते. अजूनही तो मला चोरून खाल्ल्यासारखा लागतो.