भरवशाआधीचा एक शब्द

मी शाळेत मराठी शिकवायला रुजू झालो त्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत बिराजदार सरांनी मला विचारलं, "तुम्ही वेळेवर येता, की बहुतेक वेळा वेळेवर येता?" मी मनातून चांगलाच चिडलो. इंग्रजीच्या या मास्तरांचं सगळ्यांशीच असं चालतं, हे मला नंतर कळलं.

रविवारी सकाळी सरांच्या ओट्यावर दाखले मागणाऱ्यांची गर्दी असते. अक्कलकोट रोडवरचा टॉवेल कारखाना असो की बँक, नोकरीच्या अर्जाला शिक्षकाचा इंग्रजी दाखला जोडलेला बरा, अशी आपल्याकडे समजूत. आम्ही बाकीचे येईल त्याला 'अत्यंत विश्वासू' करून मोकळे होतो. सर मात्र 'डिपेंडेबल'च्या आधी 'फेअरली' म्हणजे बऱ्यापैकी, 'जनरली' म्हणजे सहसा, असं काहीतरी लावतात आणि सही करण्यापूर्वी त्याचा मराठी अर्थ समोरच्याला ऐकवतात. अनेकजण तोंड पाडून उठतात.

माझा धाकटा भाऊ दत्तू चादरीच्या कारखान्यात हंगामी होता आणि कुर्डुवाडीला रेल्वेत लागायची धडपड करत होता. त्याच्या आधीच्या नोकऱ्या खाड्यांपायी गेल्या होत्या. आईला दर गुरुवारी सकाळी दवाखान्यात न्यावं लागे, आणि शाळेत माझी पाळी सकाळची. ही नोकरी हुकली असती तर त्याचं ठरत आलेलं लग्नही मोडलं असतं. त्याच्यासाठी मी दाखला मागितला, तर सरांनी लिहिलं, 'सहसा भरवशाचा'.

"सर, तेवढा एक शब्द गाळा की!" मी भडकून म्हणालो.

"गाळतो की. दत्तू खाडा करणार नाही, असं तुम्ही सांगता?"

मी गुरुवारची, आईच्या दवाखान्याची अडचण सांगितली. सरांनी कागद ठेवून घेतला.

त्याच गुरुवारी सकाळी सर टांगा घेऊन आमच्या दारात हजर. आई संकोचून गेली. "तुमाला कशाला तरास, मास्तर? दत्तू हाय की."

"दत्तूला कामावर जाऊ द्या. शाळेत माझी पाळी दुपारची आहे."

पुढं प्रत्येक गुरुवारी हेच झालं. दत्तूचा खाडा बंद झाला. हंगाम संपल्यावर सरांनी कारखान्यात जाऊन मुकादमाकडे खात्री केली आणि मगच नवा दाखला लिहिला, 'पूर्णपणे भरवशाचा'. खोटं लिहायचं नाही म्हणून हे गृहस्थ ते खरं करायला निघाले होते! मला त्या दिवशी रडू आलं, हे इथं सांगायला लाज वाटत नाही.

दत्तूला नोकरी लागली, लग्न झालं, तो कुर्डुवाडीत राहतो. टांगा अजून गुरुवारी आमच्या दारात येतो.

सरांच्या साठीनिमित्तच्या या लेखात शेवटी त्यांना उदंड आयुष्य लाभो, असं मी लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. तिला ते अपुरं वाटलं. म्हणाली, "नुसतं आयुष्य काय करायचं? त्यांचं गुडगं धड ऱ्हाऊ देत म्हनावं. मला टांग्यात चढवताना लई वाकत्यात रं."

सर, आईचं मागणं आधी पुरं होवो.