वाळवलेले डायपर

पोरगी पाच महिन्यांची असताना आम्ही तिला घेऊन जनावरांच्या छावणीत राहायला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी सासू. नवरा पुण्याला एका गोदामात हमाली करायला गेलेला, आणि दावणीला दोन म्हशी, एक गाय. गावात माणसांना प्यायला पाणी नव्हतं, तिथं वैरण कुठली असणार. आमच्या भागातल्या सहकारी दूध संस्थेनं युसूफ वडगावच्या रस्त्याला एका पडीक रानात छावणी उघडली होती. जनावर तिथं बांधायचं तर घरातलं कुणीतरी त्याच्याजवळ राहिलंच पाहिजे, असा नियम होता. मग हिरव्या नेटखाली एका अंगाला जनावरं, मध्ये चुलीचे तीन दगड आणि दुसऱ्या अंगाला साडीची झोळी असा आमचा संसार मांडला.

मी बी.ए. झालेली. हे त्या काळात मी दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवत असे. छावणीतल्या बायका अंगठा उठवून चारा घ्यायच्या, मी सही करायचे, आणि मुद्दाम जरा सावकाश करायचे. सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्यांना अक्षराची ओळख नव्हती. लेकराचं मात्र सगळं येत होतं. गावात कुणाचं पोर रडायचं थांबेना झालं की त्यांना बोलावणं यायचं. मला त्यातलं काही पटत नव्हतं.

माझ्या बाळंतपणाआधीच त्यांनी आपल्या जुन्या लुगड्यांची बाळोती फाडून ठेवली होती. नवं कापड लेकराच्या अंगाला लावायचं नाही, वर्षानुवर्षं नेसून मऊ झालेलंच लावायचं, असा त्यांचा दंडक. बाळोती चांगलीच होती, पण धुवायला पाणी नव्हतं. छावणीत टँकर यायचा तो जनावरांसाठी. माणसांच्या वाट्याला दोन घागरी. त्यातलं पिण्याचं बाजूला काढून उरेल ते आधी भाजी धुवायला, तेच मग भांड्यांना आणि तेच शेवटी बाळोत्यांना. त्यात पाणी खारं. बाळोती वाळली की कडक व्हायची आणि पोरीच्या मांड्यांना घासून लाल वळ उठायचे. म्हणजे कापड तेवढं गुणाचं, असं मी आजही म्हणणार नाही.

शिवाय पाहुण्यांची कटकट होती. संस्थेचे संचालक छावणी बघायला यायचे, मागं कार्यकर्ते, त्यांच्या मागं फोटोवाला. त्या दिवशी व्यवस्थापक सकाळीच ओरडत फिरायचा की दोऱ्यांवरची बाळोती काढा, फोटोत येतात. आम्ही ओलीच गुंडाळून पेंडीच्या पोत्यांमागं कोंबायचो. पाहुणे गेल्यावर काढली की बाळोत्यांना आंबूस वास यायचा. मला संताप यायचा, पण बोलणार कुणाला? चारा त्यांच्या हातात होता.

अशाच एका भेटीत संस्थेनं डायपरची खोकी वाटली. शहरातल्या कुणीतरी मदत म्हणून पाठवलेली. तान्ही लेकरं असलेल्या बायकांना चार-चार पुडे मिळाले. सगळे चालत्या-फिरत्या लेकराच्या मापाचे, आमच्या पोरीला ते छातीपर्यंत यायचे. फोटोत मीच पुढे उभी राहिले. नंतर बायकांना गोळा करून पुड्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवलं की दहा तास कोरडेपणा. आत्याबाईंनी एक डायपर हातात घेऊन उलटासुलटा केला, आतल्या बाजूवरून गाल फिरवला आणि परत ठेवला.

दहा तास म्हणजे दहा तास, असं मी धरलं. सकाळी चाऱ्याच्या रांगेला जायच्या आधी बांधायचा तो दिवेलागणीला सोडायचा. वरून हात लावला तर कोरडा लागायचा. उन्हाळा चढला होता, नेटखाली नुसती भट्टी. पण पाण्याची बचत होत होती, आणि त्या वाचलेल्या पाण्यात मी एकदा माझे केस धुतले. हेही सांगून टाकते.

आत्याबाई म्हणायच्या, लेकराला मोकळं ठेव, अंगाला वारं लागू दे. एकदा ठेवलं होतं तर मांडीला गोचीड चिकटला होता. तेवढा एक गोचीड मी पुढं महिनाभर त्यांच्या तोंडावर मारला.

पुडे संपत आले तेव्हा मला हुशारी सुचली. ज्यात नुसती शू झाली आहे असे डायपर मी छावणीच्या पाण्याच्या टाकीवरच्या पत्र्यावर वाळत घालायला लागले. त्या उन्हात कुरडया दुपारपर्यंत कडकडीत होतात, गोवऱ्या होतात, मग हे का नाही होणार? झालेच. आतला फुगलेला लगदा खडीमिठासारखा खडबडीत झाला, चिकटपट्ट्या सुटल्या, म्हणून मी वरून सुतळी बांधली. आत्याबाईंनी विचारलं, हे असं चालतं का? मी म्हणाले, उन्हानं जंतू मरतात. जंतू म्हटल्यावर त्यांच्याकडं बोलायला काही उरायचं नाही, हे मला माहीत होतं.

आधी कातडी गुलाबी झाली, मग लाल. मी घामोळं समजून पावडर थापली. ती घामानं भिजून वळ्यांमध्ये खडूसारखी बसली. पोरगी पाय जवळ घेईना, दूध ओढताना मध्येच सोडून किरकिरायला लागली. दात येत असतील, असं मीच ठरवलं. मग एका दुपारी डायपर काढताना कातडी त्याच्याबरोबर निघून आली, उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तशी. पोरीनं तोंड उघडलं, पण आवाजच आला नाही.

मी घाबरून तसाच एक दुसरा वाळका डायपर वर बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग चटके बसावेत इतकं तापलेलं होतं आणि डायपरच्या कडेनं पू आला होता. संस्थेचा दुधाचा टेम्पो तालुक्याला निघाला होता, त्यात कॅनच्या मध्ये बसून आम्ही गेलो. बहुतेक कॅन रिकामे होते. आत्याबाईंनी पोरीला दोन्ही हातांवर अधांतरी धरलं होतं, टेम्पोचा हादरा तिला लागू नये म्हणून. मी समोर बसून बघत होते. ही जगली नाही तर ते माझ्या हातचं असेल, एवढंच डोक्यात चाललं होतं.

दवाखान्यात डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी सुतळी कापली आणि आतलं बघितलं. मग तो डायपर चिमट्यात धरून त्यांनी विचारलं की हा असा दगडासारखा कसा झाला आणि हे कुणी केलं? मी पोरीचं झबलं सारखं करत राहिले. उशीर झाला, पण मी सांगणार होते, असं मला वाटतं. नक्की माहीत नाही.

"म्याच वाळवून बांदला," आत्याबाई म्हणाल्या. "तिला ठाव न्हाई."

मग डॉक्टरबाईंनी त्यांना सगळ्या वॉर्डासमोर झापलं. अडाणीपणाला काही हद्द असते, नातीचा जीव घ्यायला निघाला होता, म्हणाल्या. लघवीतलं पाणी उडून जातं, पण घाण आतच राहते आणि ती पुन्हा ओली झाली की कोवळी कातडी जाळते. अजून एक दिवस काढला असता तर विष रक्तात गेलं असतं. आत्याबाई खाली मान घालून ऐकत होत्या. नंतर डॉक्टरबाई माझ्याकडं वळल्या. आवाज मऊ झाला. तुम्ही शिकलेल्या दिसता, म्हणाल्या, आता तुम्हीच लक्ष द्या. डायपर असो नाहीतर कापड, दर दोन-तीन तासांनी बदला, साध्या पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा, थोडा वेळ उघडं ठेवा, पावडर अजिबात नको. मी मान हलवत राहिले.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी विचारलं, आत्याबाई, असं का सांगितलं तुम्ही?

"पाजत्या बाईला बोलून घिऊ न्हाई कुनाचं," त्या म्हणाल्या. "दूध आटतंय. त्या लेकराला आता तेवडंच हाय."

आम्ही आठ दिवस तिथं राहिलो, तोवर जनावरं छावणीतल्या शेजारणीनं सांभाळली. नवऱ्याचा फोन आला तेव्हा आत्याबाईंनी त्यालाही तेच सांगितलं. तो आपल्या आईला फोनवरून जे बोलला ते मला शेजारी बसून ऐकू येत होतं. त्यांच्या पेटीत एकच चांगलं मऊ लुगडं उरलं होतं. ते त्यांनी टेम्पोवाल्याकडून मागवून घेतलं आणि वॉर्डात बसून फाडलं. परत छावणीत गेल्यावर तीच बाळोती त्या दर थोड्या वेळानं बदलायच्या आणि आपल्या पिण्याच्या वाट्यातल्या पाण्यात धुवायच्या. त्यांचे ओठ फुटले होते. माझ्या वाट्यातलं पाणी मी पीत होते, दूध यायला पाहिजे म्हणून. पोरीची जखम भरली. आता मांडीवर तळहाताएवढा गुळगुळीत डाग आहे, तेवढाच.

छावणी उठली, पण ती गोष्ट गावात पोचली. म्हातारीनं नात मारली असती, सून शिकलेली म्हणून वाचली. आत्याबाईंना लेकरासाठी यायचं बोलावणं बंद झालं. त्या विचारायच्याही नाहीत.

चार वर्षांनी धाकट्या जावेला मुलगा झाला. तोवर माझ्या पोरीचं अंगावरचं दूध कधीच सुटलं होतं. मला कुणी कितीही बोललं असतं तरी आटायला काही नव्हतं. बाराव्या दिवशी घर बायकांनी भरलेलं. लेकरू रडायला लागलं, कुणाकडून थांबेना. आत्याबाई कोपऱ्यातून उठल्या, जवळ आल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले. जावेनं लेकरू छातीशी धरलं आणि माझ्याकडं बघितलं, देऊ का म्हणून. सगळ्याच बायका माझ्याकडं बघत होत्या.

"राहू द्या आत्याबाई," मी म्हणाले, "मी घेते." आणि घेतलं.