कांडपवाल्या भगवंतरावांची क्लॅरोनेट

मेहकरात कोणाच्या घरचं तिखट संपलं की भगवंतरावांचं नाव निघायचं. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं मिरची कांडप होतं. हाच माणूस आमच्या ऑर्केस्ट्रात क्लॅरोनेट वाजवायचा. गाव तिला पिपाणी म्हणायचं, त्याचा मला अजून राग येतो.

उन्हाळा आला की कांडपावर बायकांची रांग लागे. वर्षाचं तिखट, हळद, मसाला. गल्लीतून जाणारा शिंकत जायचा आणि हे गृहस्थ तोंडाला रुमाल बांधून दिवसभर त्या धुरळ्यात उभे. एका जुन्या मशीनवर सुरुवात केली, पुढे तीन झाल्या. हाताखाली माणूस ठेवा म्हटलं तर म्हणायचे, "गिऱ्हाईक मले पाहून येते, दीपक." संध्याकाळी अंगावर बादल्या ओतून, पांढरा शर्ट घालून कार्यक्रमाला हजर. स्टेजवर त्यांच्या शेजारी माझा कीबोर्ड. घाम आला की त्यांच्या अंगातून मिरची यायची आणि माझे डोळे चुरचुरायचे. लोकांना वाटे, दीपकभाऊ गाण्यात किती रंगून जातात!

मग खोकला सुरू झाला. अकोल्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून स्पष्ट सांगितलं, फुफ्फुसं पार गेली आहेत, धुरळा सोडा आणि फुंकणंही सोडा. भगवंतरावांनी घरी येऊन दोन्ही चालू ठेवलं. मी भांडलो, हातापाया पडलो. "कांडप बंद केलं तं घर कसं चालन बे?" एवढंच म्हणाले. आणि क्लॅरोनेट मांडीवर घेऊन पुसत बसले.

ऑर्केस्ट्राचा मालक ज्ञानेश्वर काही वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही कार्यक्रम मिळवायचे होते. दोनदा ऐन गाण्यात खोकल्याची उबळ आली, तेव्हा त्यानं सांगून टाकलं, "दादा, आणखी एकदा असं झालं तं मले नवा माणूस पाहावा लागन."

पुढचा कार्यक्रम नवरात्रात, पिंपळगाव राजाला होता. जाताना गाडीत भगवंतरावांनी माझं मनगट धरलं. हात गार पडला होता.

"तुह्या कीबोर्डात क्लॅरोनेटचा आवाज हाय ना? तू वाजव, मी बोटं हालवतो. पण मले स्टेजवरून उतरू देऊ नको."

ज्या बटनाला ते जन्मभर शिव्या देत आले, तेच दाबायला मला सांगत होते. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

मी वाजवलं. शेजारी ते गाल फुगवून, डोळे मिटून बोटं फिरवत होते. क्लॅरोनेटमध्ये वारा जात नव्हता. लोकांनी वन्स मोअरचा गिल्ला केला, त्यांनी मान लववली. पुन्हा तेच गाणं घेतलं आणि शेवटच्या सुरावर उबळ आली. तोंडापुढचा माइक चालू होता. सगळ्या मैदानानं ऐकली. ज्ञानेश्वरनं त्यांना पुन्हा बोलावलं नाही. संक्रांतीच्या आधीच ते गेले.

महिन्याभरानं त्यांच्या घरी गेलो. वच्छलावहिनी बंद मशीनच्या ओट्यावर बसून मोबाइलवर काही ऐकत होत्या. पिंपळगावचा तोच कार्यक्रम, कोणीतरी भरून पाठवलेला. नवऱ्याचे म्हणून ही बाई रोज माझे सूर ऐकत असणार.

"वहिनी, हे वाजवणं..."

"तुमचं हाय. मले मालूम हाय, भाऊजी. त्यायच्यात एवढा दम कुठं उरला होता?"

गाणं शेवटाला आलं. त्यांनी हातानं मला गप्प केलं.

"थांबा, आता येते."

मोबाइलमधून ती उबळ आली, लांबलचक, छाती खरवडणारी. वहिनींनी मोबाइल कानाला लावला.

"हे त्यायचं हाय," म्हणाल्या, आणि पुन्हा तिथूनच लावलं.