डॅशबोर्डवरचा गणपती

लीजवरची गाडी परत देताना कंपनीचा माणूस बोनेटवरून बोट फिरवत होता. तीन वर्षं मी तिचा हप्ता चुकवला नाही, दर दसऱ्याला हार घालून पूजा केली. त्याला दिसला तो कुंकवाचा पुसट डाग. "रंगाचं नुकसान धरावं लागेल," असं म्हणत त्याने कागदावर फुली मारली.

मालक दुसराच असतो, पण पूजा आपण करतो. कुठल्याही करारात आपुलकीसाठी रकाना नसतो. असतो तो फक्त डागांसाठी.

मग त्याला डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती दिसला. "हा काढून द्या, साहेब. गाडी विकायची आहे."

"पक्का बसलाय. तुम्हीच खरवडा," म्हणत मी स्क्रूड्रायव्हर पुढे केला.

त्याने तो मूर्तीजवळ नेला, पण थबकून खाली ठेवला आणि हात जोडले.

अजूनही मी मुद्दाम त्यांच्या यार्डावरून जातो. गाडी धूळ खात तिथेच उभी आहे. काचेतून गणपती दिसला की मीही हात जोडतो, आणि बाप्पाने तिथून हलू नये एवढंच मागतो.